गरज नसलेले विकर : पायराझिनामाइडच्या प्रतिरोधाचे प्रकरण

क्षयरोगाच्या उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत रुग्णाला चार औषधांची जी एकत्रित गोळी दिली जाते, तिच्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा पायराझिनामाइडचा असतो. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील प्रौढांच्या एका गोळीत आयसोनियाझिड ७५, रिफॅम्पिसिन १५०, एथाम्ब्युटॉल २७५ आणि पायराझिनामाइड ४०० मिलिग्रॅम असते. म्हणजे रोज तीन गोळ्या घेणाऱ्या मध्यम वजनाच्या रुग्णाच्या पोटात या एकाच औषधाचे १२०० मिलिग्रॅम जातात. ते नसते, तर सहा महिन्यांचा उपचार नऊ महिन्यांचा झाला असता. असे असूनही रुग्णाच्या जंतूवर हे औषध चालते की नाही, याची तपासणी चौघांत सर्वांत कमी वेळा होते. रिफॅम्पिसिनचा निकाल बेडक्याच्या नमुन्यावरून सुमारे दोन तासांत मिळतो, आयसोनियाझिडचा काही दिवसांत कळतो, आणि पायराझिनामाइडचा रकाना बहुतेक अहवालांत कोराच राहतो.

हा रकाना कोरा राहण्याचे कारण प्रयोगशाळांच्या अनास्थेत शोधणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. खरे कारण क्षयजंतूच्या चयापचयात आहे, आणि तेही चयापचयाच्या अशा एका कोपऱ्यात, ज्यावाचून जंतूचे फारसे अडत नाही. त्या कोपऱ्यातले एक विकर (एन्झाइम), त्याच्यावर अवलंबून असलेले औषध आणि ते विकर टाकून देणारा जंतू, एवढ्याच परिघात हा अभ्यास मांडला आहे.

उंदरात गुण, नळीत शून्य

पायराझिनामाइडचा रेणू १९३६ मध्येच तयार झाला होता, पण त्याचा क्षयरोगाशी संबंध जुळला तो एका जीवनसत्त्वाच्या आडवाटेने. १९४५ मध्ये फ्रान्समध्ये शोरीन यांना असे आढळले की निकोटिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप, मायकोबॅक्टेरियम गणातल्या जंतूंची वाढ रोखते. पुढे अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत कुशनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकोटिनामाइडसारखे दिसणारे रेणू एकामागून एक तयार करून क्षयग्रस्त उंदरांना देऊन पाहिले. त्यांतला पायराझिनामाइड हा सरस ठरला, आणि १९५२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. निकोटिनामाइडच्या सहा अणूंच्या कड्यात एक नायट्रोजन असतो, पायराझिनामाइडच्या कड्यात दोन. बाकी दोघांची ठेवण जवळजवळ एकच. पुढे जे काही घडले, ते या साम्यातूनच घडले.

उंदरांना गुण आला, माणसांनाही आला; पण काचेच्या नळीत नेहमीच्या पोषणमाध्यमात वाढणाऱ्या क्षयजंतूंवर या औषधाचा जवळजवळ काहीच परिणाम होईना. औषध थेट उंदरात तपासण्याची पद्धत त्या काळी होती म्हणून ते सापडले. आजच्यासारखे हजारो रेणू आधी नळीत गाळून मगच प्राण्यापर्यंत नेले असते, तर पायराझिनामाइड पहिल्याच चाळणीत केराच्या टोपलीत गेले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

कोड्याचा अर्धा भाग १९५४ मध्ये मॅकडरमॉट आणि टॉम्पसेट यांनी उलगडला. माध्यम आम्लधर्मी केले, म्हणजे सामू (पीएच) साडेपाचच्या आसपास आणला, की नळीतही पायराझिनामाइड काम करू लागते. निकोटिनामाइडच्या बाबतीतही त्यांना तेच दिसले. त्यावरून असे अनुमान निघाले की शरीरात जिथे आम्लता वाढलेली असते, म्हणजे भक्षक पेशींच्या आतल्या पोकळ्यांत किंवा दाह चालू असलेल्या ऊतींत, तिथल्या जंतूंना हे औषध मारत असावे. पुढे डेनिस मिचिसन यांनी या कल्पनेला सुस्पष्ट रूप दिले : वेगाने वाढणाऱ्या जंतूंचा समाचार आयसोनियाझिड घेते, तर आम्लात दबा धरून बसलेल्या, मंदावलेल्या जंतूंचा समाचार पायराझिनामाइड घेते. उपचार संपल्यावर रोग उलटतो तो या दुसऱ्या गटातल्या जंतूंमुळे, म्हणून उपचाराचा कालावधी कमी करण्याची ताकद या औषधात आहे.

मधली वीसेक वर्षे मात्र ते मागेच पडले होते, कारण सुरुवातीला दिवसाला तीन ग्रॅमपर्यंत दिलेल्या मात्रेने अनेकांच्या यकृताला इजा झाली. पूर्व आफ्रिकेत ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या चाचण्यांनी १९७० च्या दशकात त्याला कमी मात्रेत परत आणले, आणि सहा महिन्यांच्या उपचाराचा पाया तिथे घातला गेला.

दोन कुपींमधला फरक

कोड्याचा दुसरा भाग उलगडण्यासाठी एका वेगळ्याच चाचणीकडे वळावे लागते, जिचा औषधांशी वरवर काही संबंध नव्हता. १९५६ मध्ये कोन्नो यांनी मानवी क्षयजंतू आणि इतर मायकोबॅक्टेरिया यांच्यातला फरक ओळखण्याची एक रासायनिक पद्धत प्रसिद्ध केली. मानवी क्षयजंतू वाढताना माध्यमात नायसिन, म्हणजे निकोटिनिक आम्ल, साठवत जातो. त्या अर्कात ॲनिलीन आणि सायनोजेन ब्रोमाइड घातले की पिवळा रंग येतो. गाईगुरांचा क्षयजंतू, म्हणजे मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, त्याच माध्यमात वाढवला तर कुपी रंगहीन राहते. सायनोजेन ब्रोमाइड हे भयंकर विषारी रसायन असूनही ही नायसिन चाचणी जगभरच्या क्षयरोग प्रयोगशाळांत अनेक दशके चालली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात 'ट्युबरक्युलोसिस धन, बोव्हिस ऋण' एवढी ओळ पाठ करून पुढे जाणाऱ्या पिढ्यांपैकी फार थोड्यांना असा प्रश्न पडला असेल, की बोव्हिसची कुपी रंगहीन का राहते.

याच बोव्हिसची दुसरी एक ख्याती होती : त्याच्यावर पायराझिनामाइड मुळातच चालत नाही.

या दोन्ही गोष्टींमागे एकच कारण आहे. जंतूच्या पेशीत एनएडी नावाचा सहविकर सतत वापरला जातो आणि मोडला जातो. त्याच्या मोडणीतून निकोटिनामाइड सुटते. क्षयजंतू हे निकोटिनामाइड वाया घालवत नाही. पायराझिनामिडेज हे विकर त्यातला अमाइड गट तोडून त्याचे निकोटिनिक आम्ल करते, आणि त्या आम्लापासून पुन्हा एनएडी बांधला जातो. जुन्या धाग्यातून नवे विणण्याचाच हा प्रकार आहे. गरजेपेक्षा जास्त झालेले निकोटिनिक आम्ल बाहेर पडते, आणि तेच कोन्नो यांच्या चाचणीत पिवळे दिसते. बोव्हिसमध्ये हे विकर निकामी असल्यामुळे त्याची साखळी निकोटिनामाइडपाशीच थांबते, नायसिन साठत नाही, आणि कुपी रंगहीन राहते.

आता निकोटिनामाइडसारखाच दिसणारा पायराझिनामाइडचा रेणू पेशीत शिरला की तेच विकर फसते. ते त्याचाही अमाइड गट तोडते आणि पायराझिनोइक आम्ल तयार करते. औषध म्हणून आपण जे गिळतो, ते जंतूला मारत नाही. मारतो तो जंतूने स्वतःच्या हाताने तयार केलेला हा दुसरा रेणू. १९६७ मध्ये कोन्नो हे नाव पुन्हा भेटते, या वेळी मॅकडरमॉट यांच्यासह : औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये अमाइड तोडण्याची क्रियाच आढळत नाही, हे त्यांनी दाखवले. जनुक सापडायला मात्र आणखी एकोणतीस वर्षे गेली. १९९६ मध्ये स्कॉर्पिओ आणि यिंग झांग यांनी पायराझिनामिडेजचे जनुक वेगळे काढले, त्याला पीएनसी-ए असे नाव आहे, आणि प्रतिरोधी जंतूंत त्याच जनुकात बिघाड असल्याचे सिद्ध केले. बोव्हिसमध्ये तर एकाच अक्षराचा फरक निघाला : जनुकातल्या १६९ व्या स्थानी सी च्या जागी जी, त्यामुळे प्रथिनाच्या ५७ व्या जागेवरचे हिस्टिडिन जाऊन ॲस्पार्टिक आम्ल आले. ५७ वे हिस्टिडिन विकराच्या गाभ्यातल्या धातूच्या अणूला धरून ठेवणाऱ्या चार अमिनो आम्लांपैकी एक आहे. ते गेले की धातूची पकड सुटते आणि विकर बंद पडते.

काल्मेत आणि गेराँ यांनी बीसीजी लस बोव्हिसपासूनच तयार केली असल्यामुळे हा दोष लशीतल्या जंतूतही वारशाने आला आहे. मूत्राशयाच्या कर्करोगावर उपचार म्हणून बीसीजी मूत्राशयात सोडतात. क्वचित तो जंतू शरीरात पसरला, तर त्याच्यावर पायराझिनामाइड देऊन उपयोग नसतो. न उकळलेल्या दुधातून होणाऱ्या गाईगुरांच्या क्षयाच्या बाबतीतही हेच, आणि म्हणून अशा रुग्णाचा उपचार सहाऐवजी साधारण नऊ महिने चालवावा लागतो.

बिघाड कुठेही झाला तरी चालतो

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो, त्यामुळे थोडे सावकाश जायला हवे.

यिंग झांग यांनी त्याआधी १९९२ मध्ये, हेम, यंग आणि कोल यांच्यासह, आयसोनियाझिडच्या प्रतिरोधामागचे कॅट-जी हे जनुक शोधून काढले होते. आयसोनियाझिडसुद्धा पायराझिनामाइडसारखेच अर्धवट औषध आहे. त्यालाही जंतूच्या विकराने जागे करावे लागते, आणि ते काम कॅट-जी करते. म्हणजे दोन्ही औषधांना जंतूचे विकर लागते, आणि दोन्ही बाबतींत ते विकर बिघडले की प्रतिरोध येतो. असे असताना दोन्ही जनुकांतल्या बिघाडांचा नकाशा एकसारखा दिसायला हवा होता, पण दोघांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

रुग्णांकडून मिळालेल्या आयसोनियाझिड-प्रतिरोधी जंतूंत कॅट-जीचे ३१५ वे स्थान पुन्हापुन्हा भेटते : सेरिनच्या जागी थ्रिओनिन. याचे कारण असे की कॅट-जी हे जंतूला अत्यंत गरजेचे विकर आहे. भक्षक पेशी जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या दाहक रेणूंचा मारा करतात, आणि त्यांना निष्प्रभ करण्याचे काम कॅट-जीकडे असते. ते पूर्ण टाकून दिले तर औषधापासून सुटका होईल, पण यजमानाच्या शरीरात जगणे कठीण होईल. ३१५ व्या जागेवरचा हा बदल असा चलाख आहे की त्यामुळे औषध जागे होणे बरेच थांबते, पण पेरॉक्साइड मोडण्याचे काम बहुतांशी चालू राहते. असा सौदा जमवणाऱ्या जागा फार थोड्या असतात, म्हणून बहुतेक प्रतिरोधी जंतू एकाच पायवाटेने जातात.

पीएनसी-ए जनुकात असली कोणतीही ठरावीक पायवाट नाही. अवघ्या ५६१ अक्षरांच्या आणि १८६ अमिनो आम्लांच्या या जनुकात आजवर शेकडो वेगवेगळे बदल नोंदले गेले आहेत, आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विखुरलेले आहेत : कुठे एक अक्षर बदललेले, कुठे एखादे घुसलेले, कुठे तुकडाच गळालेला, तर कुठे जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात बिघाड. कारण इथे कसलाच सौदा करावा लागत नाही. एनएडी मिळवण्याचा दुसरा मार्ग जंतूकडे आहे; ॲस्पार्टिक आम्लापासून सुरुवात करून तो एनएडी मुळापासून बांधू शकतो. निकोटिनामाइडची पुनर्भरणी ही काटकसर आहे, आणि काटकसर सोडली म्हणून कोणी लगेच उपाशी मरत नाही. बोव्हिस हा या गोष्टीचा चालताबोलता पुरावा आहे : पीएनसी-ए निकामी असूनही तो गाईगुरांत, हरणांत, बिजूंत आणि माणसांत सुखाने रोग पसरवतो.

यावरून एक सूत्र हाती लागते, आणि ते फक्त क्षयरोगापुरते नसावे. एखाद्या जनुकातले प्रतिरोधी बदल एकाच जागी गर्दी करतात की सगळीकडे विखुरतात, यावरून ते जनुक जंतूला चयापचयात किती मोलाचे आहे याचा अंदाज बांधता येतो. गर्दी दिसली की समजावे, जंतू तिथे जपून पाऊल टाकतो आहे. विखुरलेपण दिसले की समजावे, त्याला त्या प्रथिनाचे काही पडलेले नाही.

पर्यायी मार्ग खरोखरच पर्यायी आहे का, हे विल्शेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने तपासले. त्यांनी एनएडी मुळापासून बांधण्याचा मार्ग जनुकीय पद्धतीने तोडला. बोव्हिसला पुनर्भरणीचा मार्ग मुळातच नसल्यामुळे तो तेवढ्यानेच अडचणीत आला, आणि मानवी क्षयजंतूत पीएनसी-एदेखील काढून टाकल्यावर तसेच झाले. दोन्ही वाटा बंद झाल्यावर जंतूची वाढ नुसती थांबली नाही, तो मेला. म्हणजे एनएडी हा जंतूचा प्राण आहे, पण तिथे पोहोचणाऱ्या दोन वाटांपैकी पीएनसी-ए ही सोडून देता येण्याजोगी आहे. आपले औषध दुर्दैवाने नेमके या वाटेने आत जाते.

नळीत आम्लधर्मी माध्यमात पायराझिनामाइड-प्रतिरोधी जंतू साधारण एक लाखात एक या प्रमाणात आपोआप निर्माण होतात, तर रिफॅम्पिसिनच्या बाबतीत हे प्रमाण दहा कोटींत एकाच्या आसपास असते. काहीतरी नेमके बदलण्यापेक्षा काहीतरी कसेही मोडणे सोपे, इतकाच या आकड्यांचा अर्थ. प्रतिरोध मिळवल्यावर जंतू अशक्त होत असेल आणि पसरत नसेल, ही आशाही फार काळ टिकली नाही. कॅनडातल्या क्युबेकमध्ये फक्त पायराझिनामाइडला दाद न देणाऱ्या जंतूचा एक वंश सापडला, ज्याच्या पीएनसी-ए जनुकातून आठ अक्षरांचा तुकडा गळालेला होता. वेगवेगळ्या रुग्णांत तोच तुकडा गळालेला आढळणे म्हणजे हा जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे व्यवस्थित पोहोचत होता.

मग घाव कुठे बसतो

पायराझिनोइक आम्ल पेशीत तयार झाल्यावर नेमके काय करते, यावर संशोधकांत दीर्घकाळ मतभेद राहिले. झांग यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडलेले स्पष्टीकरण असे होते : हे आम्ल बाहेर ढकलले जाते, बाहेर आम्लता असेल तर ते प्रोटॉन घेऊन पुन्हा आत झिरपते, प्रत्येक फेरीत एक प्रोटॉन आत आणते, आणि शेवटी पेशीपटलाची ऊर्जाव्यवस्था कोसळते. आम्लात औषध का चालते याचा उलगडा यातून सुरेख होतो. पण पुढे योग्य परिस्थितीत उदासीन सामूलाही औषध काम करते असे प्रयोग झाले, आणि या चित्राला तडा गेला. २०११ मध्ये रायबोसोमशी निगडित एका प्रथिनाचे नाव पुढे आले. नंतरच्या गटांना त्याला दुजोरा देता आला नाही.

आज ज्याच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आहे, ते लक्ष्य दुसऱ्या एका जीवनसत्त्वाच्या वाटेवर आहे. पॅन-डी हे विकर ॲस्पार्टिक आम्लापासून बीटा-ॲलॅनिन बनवते. त्यापासून पॅन्टोथेनिक आम्ल, म्हणजे ब-५ जीवनसत्त्व, आणि पुढे सहविकर-ए तयार होतो. मेदाम्ले बांधणे आणि मोडणे ही दोन्ही कामे सहविकर-ए शिवाय होत नाहीत, आणि क्षयजंतू तर मेदावर जगणारा, मेदाचे कवच पांघरणारा जीव आहे. पायराझिनोइक आम्ल पॅन-डीला चिकटते आणि त्याची ठेवण बदलते. मग पेशीतली प्रथिने मोडणारी यंत्रणा, जिच्यातले प्रथिने उलगडणारे अंग क्लप-सी-१ हे आहे, पॅन-डीला मोडीत काढते. २०२० मध्ये गोपाल, डिक आणि सहकाऱ्यांनी ही गोष्ट मांडली, तेव्हा औषधाने लक्ष्य नुसते अडवण्याऐवजी जंतूकडूनच ते नष्ट करवून घेण्याचे ते एक दुर्मीळ उदाहरण ठरले. नळीतल्या माध्यमात पॅन्टोथेनेट मिसळले की औषधाचा प्रभाव ओसरतो, हे निरीक्षणही याच्याशी जुळते. ब-३ च्या दाराने आत शिरून ब-५ च्या कोठारावर घाव घालणारे हे औषध आहे.

लक्ष्य पॅन-डी असेल, तर रुग्णांच्या जंतूंत पॅन-डीतले बदल इतके विरळ का, हा आक्षेप वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर आधीच्या सूत्रातच दडलेले आहे. पॅन-डी टाकून देता येत नाही; तिथे सौदा करावा लागतो. पीएनसी-ए मोडणे हा त्याहून कितीतरी स्वस्त मार्ग समोर असताना जंतू महाग मार्गाला जाईल कशाला? याच गटाने उंदरांना पायराझिनामाइडऐवजी थेट पायराझिनोइक आम्ल दिले, म्हणजे पीएनसी-एची पायरीच वगळली. तेव्हा टिकून राहिलेल्या जंतूंत बदल आढळले ते पॅन-डी आणि क्लप-सी-१ या जनुकांत. स्वस्त वाट बंद केल्यावरच महाग वाटेच्या खुणा दिसल्या. या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला प्रयोग हाच आहे. निसर्गातही याला एक जोड मिळते : मायकोबॅक्टेरियम कॅनेटी हा क्षयजंतूचा दुर्मीळ नातलग जन्मतःच पायराझिनामाइडला दाद देत नाही, आणि त्याच्या पॅन-डीत ११७ व्या जागेवर बदल आहे.

कोऱ्या रकान्याकडे परत

रिफॅम्पिसिनचे लक्ष्य असलेले आरपीओ-बी हे जनुक आरएनए बनवणाऱ्या यंत्राचा भाग आहे; त्याच्याशिवाय जगणे अशक्य, म्हणून सुमारे ९५ टक्के प्रतिरोधी बदल अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात सापडतात. तेवढा पट्टा तपासला की काम झाले. सीबीनॅट या जनुक-तपासणी यंत्रातील कुपी तेच करते, आणि गोव्यात तयार होणारे, विजेरीवर चालणारे ट्रूनॅटही रिफॅम्पिसिनसाठी त्याच पट्ट्याकडे पाहते. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत ही तपासणी पोहोचू शकली, कारण जंतूला आपल्या गरजेमुळे एकाच जागी उभे राहावे लागले.

पायराझिनामाइडसाठी अशी सुटसुटीत कुपी बनवणे अवघड, कारण तपासायचे ते सबंध जनुक, आणि त्यात सापडलेला प्रत्येक बदल विकर खरोखर बंद पाडतो की नाही, हेही ठरवायचे. काही बदल निरुपद्रवी असतात. ते पाहून औषध काढून टाकले तर रुग्णाचे नुकसान होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आणि सुधारित रूपात २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उत्परिवर्तनांच्या सूचीत पीएनसी-एची यादी एवढी लांबलचक का आहे, ते यावरून कळावे. जनुकाचे पूर्ण वाचन करणाऱ्या पद्धती आता उपलब्ध आहेत, पण त्या मोठ्या प्रयोगशाळांत.

जंतू प्रत्यक्ष वाढवून तपासण्याची जुनी वाट आम्लाने अडवली आहे. द्रव माध्यमाच्या स्वयंचलित पद्धतीत या औषधासाठी सामू ५.९ ठेवतात. त्याहून खाली गेले तर औषध अधिक प्रभावी होते, पण जंतू स्वतःच नीट वाढत नाहीत. वर गेले तर जंतू जोमाने वाढतात आणि औषध निष्प्रभ होते. चाचणीत आयसोनियाझिडची संहती मिलिलिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम असते, तर पायराझिनामाइडची १००, म्हणजे हजारपट. त्यातच नळीत जंतूंचा गठ्ठा जरा जास्त पडला, तर त्यांच्या वाढीनेच माध्यमाचा सामू वर सरकतो आणि औषधाला दाद देणारा जंतूही प्रतिरोधी भासतो. म्हणून 'प्रतिरोधी' असा निकाल आल्यावर अनुभवी तंत्रज्ञ तो लगेच पाठवत नाहीत. गठ्ठे नीट फोडून, कमी जंतू घेऊन पुन्हा लावतात. वेन यांनी १९७४ मध्ये मांडलेली चाचणी या भानगडीत न पडता थेट विकराचाच माग काढते : माध्यमात पायराझिनामाइड घालून जंतू वाढवायचे, मग फेरस अमोनियम सल्फेट ओतायचे, विकराने पायराझिनोइक आम्ल बनवले असेल तर गुलाबी पट्टा दिसतो. मात्र फिकट गुलाबी आणि रंगहीन यांतला फरक पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहतो.

रिफॅम्पिसिनला प्रतिरोधी असलेल्या जंतूंत पायराझिनामाइडचाही प्रतिरोध बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित चित्र आहे. ज्या रुग्णाला प्रत्येक चालणाऱ्या औषधाची सर्वाधिक गरज, त्याच्याच बाबतीत हे औषध चालते की नाही हे नाण्याच्या छाप्याकाट्यासारखे झाले आहे. बीडाक्विलिन, प्रेटोमॅनिड आणि लिनेझोलिड यांवर आधारलेल्या सहा महिन्यांच्या नव्या उपचारपद्धतीत पायराझिनामाइडला जागा नाही. पण नऊ ते अकरा महिन्यांच्या पद्धतीत ते अजून आहे, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साध्या क्षयरोगासाठी चार महिन्यांत उपचार पुरा करणाऱ्या रिफापेंटिनच्या पद्धतीतही आहे. वेगाने निर्जंतुक करणाऱ्या औषधांत त्याला पर्याय शोधणे अजून जड जाते आहे.

जंतूने विकर टाकून दिले असेल, तर तयार पायराझिनोइक आम्लच रुग्णाला का देऊ नये, असा प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. गंमत अशी की ते रुग्णाच्या शरीरात आधीच असते. आपले यकृतही पायराझिनामाइडचा अमाइड गट तोडते, आणि त्यातून सुटलेले पायराझिनोइक आम्ल मूत्रपिंडातून युरिक आम्लाचा निचरा रोखते. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत गुडघे, घोटे आणि खांदे दुखत असल्याची जी तक्रार रुग्ण करतात, ती बऱ्याचदा यातूनच येते. परंतु रक्ताच्या उदासीन सामूला हे आम्ल विद्युतभारित अवस्थेत असते, आणि जंतूचे मेदाने भरलेले कवच अशा भारित रेणूला सहजी आत घेत नाही. क्षयग्रस्त उंदरांना तोंडाने दिलेल्या पायराझिनोइक आम्लाचा पुरेसा उपयोग झाला नाही. भार झाकण्यासाठी त्याचे एस्टर तयार करण्यात आले. नळीत ते पीएनसी-ए गमावलेल्या जंतूंवरही चालले, पण रक्तातली विकरे त्यांना जंतूपर्यंत पोहोचण्याआधीच तोडून टाकतात.